उजवीकडचा आवाज

फाल्कन आली तेव्हा वारा असा होता
की गॅरेजचं दार आम्ही दोघांनी धरून ठेवलं.
उजवा पुढचा टायर आतल्या कडेने खाल्लेला,
बाहेरून मात्र नवा वाटावा असा.

"उजवीकडे ओढते," डॉन अन्सेल्मो म्हणाले.
"खालच्या गावात दोन्ही शॉक बदलून दिले,
तरी ओढतेच."
चोर सोडून संन्याशाला फाशी,
असं एल्बा बोलली नाही, पण पान्हा जरा जोरात ठेवला.

"आवाज येतो?"
"मला नाही येत. हा कान
लोकर कातरायच्या यंत्राने नेला, सदुसष्ट साली."
आणि त्यांनी उजव्या कानाला बोट लावलं.

एल्बा एकटीच पुलापर्यंत जाऊन आली.
इथला खडीचा रस्ता म्हणजे आडवा टाकलेला पन्हाळी पत्रा,
त्यावर कुठलीही गाडी आपलं दुखणं ओकते.
ही ओकली नाही.
"वजन हवंय," ती मला म्हणाली. "बस."

उजवी सीट इतकी पुढे ओढलेली
की माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले.
पायाखालचं रबर एकाच ठिकाणी झिजलेलं,
बशीएवढं, आरपार.
तिथे ब्रेक नसतो.
तरी कुणीतरी तो वर्षानुवर्षं दाबला होता.

तिसऱ्या खड्ड्यानंतर आला.
खड्ड्यात नाही, खड्ड्यानंतर,
सांगावं की नको असा विचार करून
ठक्.
माझ्या तळपायाला आधी कळला, कानाला मग.

मग जॅक, आणि वरच्या आर्मखाली लाकडाचा ठोकळा,
कारण या गाडीची स्प्रिंग वर बसते
आणि तिचा भार उतरल्याशिवाय सांधा खरं बोलत नाही.
चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं: टाय रॉड घट्ट.
वर-खाली धरून हलवलं:
हललं. नखभर.
"नखभर म्हणजे खूप," एल्बा म्हणाली,
"तू पहार घाल, मी हात ठेवते."
ती बघत नव्हती, खिडकीबाहेर मेंढ्यांचा ट्रक चालला होता
तिकडे तोंड करून उभी,
तीन बोटं बॉल जॉइंटवर, वैद्याने मनगट धरावं तशी.
"परत. हळू. परत."
रबराची टोपी फाटलेली, आत ग्रीस नाही,
विटकरी रंगाची पूड फक्त,
आणि आर्मचे बुश
शिळ्या पावासारखे भेगाळलेले.

तिने डॉन अन्सेल्मोंना खाली वाकायला लावलं,
त्यांची बोटं तिथे ठेवली, मला खूण केली.
मी पहार दाबली.
बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"दोन वर्षं," ते म्हणाले,
"देल्मिरा म्हणायची, अन्सेल्मो, माझ्या पायाखाली काहीतरी ठोकतंय.
मी म्हणायचो, वारा आहे.
या बाजूने बोलायची ना ती.
ओरडून सांगावं लागायचं तिला सगळं.
मग तीही म्हणायला लागली, वारा आहे."

किटलीतलं पाणी उकळून आटलं, माते कुणी घेतला नाही.
एप्रिलपासून ते एकटेच गाडी चालवत होते,
आणि एप्रिलपासून गाडीने
ठक् केलं नव्हतं.

दोन दिवसांनी सुटे भाग आले, बसने,
बटाट्याच्या पोत्यांखाली दबून.
बॉल जॉइंट, बुश, मग चाकांचं अलाइनमेंट.
सीट मी मागे सरकवायला गेलो
तर एल्बाने मानेनेच नको म्हटलं.

आमच्या वहीत एक रकाना आहे, तो नेहमी रिकामाच असतो,
तिच्या वडिलांनी आखलेला:
दोष कोणाच्या लक्षात आला.
एल्बाने पेन्सिल जिभेला लावली
आणि लिहिलं, देल्मिरा, सौ.,
मग आडनाव विचारलं,
स्पेलिंगसकट,
त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन.